तितिक्षा आणि तिखट

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यात एका अनुस्वाराचंच काय ते अंतर आहे. त्यातलं पहिलं काम माणसाच्या वाट्याला आयुष्यात दोन-चारदा येतं. दुसरं रोज सकाळी, चहाबरोबर. म्हणूनच असेल, दुसऱ्या कामात आपण तरबेज असतो आणि पहिल्याची वेळ आली की घरादाराला घाम फुटतो.

पूर्वी असं नव्हतं. मुलगी झाली की नद्या होत्या, देव्या होत्या, गेलेल्या आज्या होत्या. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा अशी नावं घेत गेलं की चौथ्या-पाचव्या मुलीपर्यंत भूगोल पुरायचा. बाराव्या दिवशी पाळणा टांगायचा, आत्याने कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, त्याबद्दल पाठीत बुक्के खायचे, आल्यागेल्याच्या हातावर घुगऱ्या ठेवायच्या. संपलं काम! आता जन्म एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो खरा, पण नावाची घाई कायदाही करत नाही. नोंद बिननावाची करता येते. नाव मागाहून घालायचं असेल तर बारा महिन्यांपर्यंत फुकट, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शास्त्राने बारा दिवस दिले होते, सरकार पंधरा वर्षं थांबायला तयार आहे. १९६९ साली हा कायदा करणाऱ्यांना मध्यमवर्गीय आईबापांची पुढली चाल आधीच कळली असावी.

कारण आजच्या आईबापांच्या अटी तुम्ही ऐकल्या आहेत का? नाव संस्कृत हवं, पण जोडाक्षर फार नको. अर्थ खोल हवा, पण सांगायला सोपा हवा. परदेशातल्या साहेबाला उच्चारता आलं पाहिजे आणि गावाकडच्या मावशीलाही. आणि शेवटची, सर्वांत कडक अट म्हणजे, हे नाव दुसऱ्या कुणाचंही नको. वधूवर सूचक मंडळातसुद्धा इतक्या अटी घालत नाहीत हो!

या शेवटच्या अटीचं काय होतं ते 'अनन्या' या नावाने दाखवून दिलं आहे. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही ती. अर्थ इतका आवडला, इतका आवडला की आता एकेका वर्गात तीन-तीन अनन्या असतात आणि बाई हजेरी घेताना त्यांना आडनावाने वेगळ्या करतात. जिच्यासारखी दुसरी नाही, तिच्या शेजारच्याच बाकावर दुसरी बसलेली आहे आणि तिसरी खिडकीपाशी डबा खाते आहे. दुर्मिळ गोष्ट सगळ्यांनाच हवीशी झाली की ती दुर्मिळ राहत नाही. अत्तराचं तसं, आणि नावाचंही तसंच.

आमच्या इमारतीत नावाच्या बाबतीत माझा सल्ला घेण्याची प्रथा आहे. शाळेत संस्कृतला बरे गुण होते आणि घरात आपट्यांचा संस्कृत कोश आहे, एवढ्या भांडवलावर ही वैद्यकी चालते. मध्यंतरी वरच्या मजल्यावर मुलगी झाली. चौथ्या दिवशी बाळाची आजी खाली आली.

"भाऊजी, विशाखाचा पहिला चरण आहे. अक्षर 'ती' आलंय."

"मुलगीच आहे म्हटल्यावर 'ती' येणारच, वहिनी."

वहिनी हसल्या नाहीत. आजीपण नवं असलं की विनोद दिसत नाही. त्या मला वर घेऊन गेल्या. बाळंतिणीने नाव शोधून ठेवलेलंच होतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता.

"काका, तितिक्षा कसं वाटतं? माझ्या ओळखीत एकही नाही. मोबाइलवर अर्थ पेशन्स दिलाय."

या नावाची एक अभिनेत्री मराठी मालिकांतून घरोघर पोचली आहे, त्यामुळे नाव कानावरून गेलेलं असतं; पाळण्यावर मात्र क्वचित दिसतं. मी म्हटलं, पेशन्स हा त्याचा ढोबळ अर्थ झाला. तितिक्षा म्हणजे सोसणं. सुखदुःख, थंडी-ऊन, मान-अपमान कुरकूर न करता सोसण्याची ताकद.

कोपऱ्यात पणजी वाती वळत बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांना ऐकू कमी येतं असा घरात समज आहे आणि तो त्यांनी कधी खोडून काढलेला नाही. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"म्हणजे सोसणं का रे? मग त्याचं नाव कशाला ठेवायला हवं? ते न ठेवताच मिळतं."

खोलीत एकदम शांतता झाली. या पणजींचं माहेरचं नाव वेगळं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि सोळा वर्षं ज्या हाकेला त्या 'ओ' देत होत्या ती हाक तांदळाखाली गेली ती गेलीच. नव्या नावाचा अर्थ काय, हे त्यांना त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं की सांगितलंही नव्हतं. अशा बाईने एक वाक्य बोलावं आणि आपण हातात कोश घेऊन उभं राहावं, हा प्रसंग जरा अवघडच!

पण अवघड प्रसंगी कोश उघडावा, एवढं मला शाळेने शिकवलं आहे. आणि तितिक्षा हा शब्द खरोखर उघडून बघण्यासारखा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात एका छोट्याशा सूत्रात तीन धातू एकत्र बांधले आहेत: गुप्, तिज् आणि कित्. त्यांना एकच प्रत्यय लागून तीन शब्द होतात. गुप् पासून जुगुप्सा, तिज् पासून तितिक्षा आणि कित् पासून चिकित्सा. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने या तिघी सख्ख्या बहिणी. एकीला किळस येते, एक सोसते आणि एक औषध शोधते. मधल्या बहिणीचं नाव लोक हौसेने ठेवतात. थोरलीचं ठेवायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

गंमत पुढेच आहे. तिज् या धातूचा मूळ अर्थ सोसणं हा नाहीच. तिज् म्हणजे धार लावणं. तेज हा शब्द त्यातूनच निघाला, तीक्ष्णही त्यातूनच निघाला. आणि तीक्ष्ण प्राकृतात 'तिक्ख' होऊन मराठी स्वयंपाकघरात शिरला तो आपल्या मिसळणाच्या डब्यात येऊन बसला. तिखट! म्हणजे तितिक्षा आणि तिखट एकाच कुळातली. वरून पाहिलं तर एक सोसणारी आणि एक डोळ्यांतून पाणी काढणारी, पण रक्त एकच.

हे मी सांगितलं तेव्हा बाळंतिणीचा चेहरा खुलला. पणजींच्या वाती मात्र चालूच होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न व्याकरणाने सुटण्यातला नव्हता. सोसणं हा गुण आहे की सक्ती, हा तो प्रश्न. आणि गुण असेल, तर तो मुलींच्याच नावात का?

वेदान्तात साधकाच्या अंगी सहा गोष्टी हव्यात असं सांगितलं आहे. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान. आता या सहांची आपण वाटणी कशी केली ते बघा. श्रद्धा मुलींना दिली. गल्लोगल्ली श्रद्धा आहेत. तितिक्षा मुलींनाच दिली. आणि समाधान? समाधान मुलाचं नाव! सोसायचं हिने, समाधान त्याचं. ही वाटणी कुणी ठरवून केली असेल असं नाही. संस्कृतात ते शब्द त्या त्या लिंगाचे आहेत, समाधान तर चक्क नपुंसकलिंगी आहे. पण पुष्कळदा माणूस जे ठरवून करत नाही त्यातच त्याचं मन जास्त दिसतं.

नावाच्या अर्थाला कोण विचारतो, असं कुणी म्हणेल. गोड नावाची माणसं कडू निघतात, लक्ष्मीच्या घरी दूधवाल्याची उधारी असते. खरं आहे. पण अर्थ सगळ्यांना कळतो तेव्हा नाव काय करू शकतं, हे आपल्याच सातारा जिल्ह्यात दिसलं. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावं तिथे 'नकुसा' किंवा 'नकोशी' ठेवलेली होती. २०११ साली एका समारंभात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलण्यात आली. 'नकुसा' समजायला आपट्यांचा कोश लागत नाही. ती मुलगी हाक ऐकली की रोज नव्याने समजते. पाळण्यातल्या जिवावर आपण नुसतं नाव लिहीत नाही, आपली तिच्याकडून असलेली अपेक्षाही लिहितो. आणि ती अपेक्षा तिला अजून वाचता येत नसते. म्हणून नाव ठेवणाऱ्याने थोडं जपून असावं.

मग तितिक्षा नको का? मला वाटतं, सोसण्याची सांगड आपण चुकीच्या माणसाशी घातली आहे. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. चौदाव्या श्लोकात श्रीकृष्ण सांगतो की थंडी-ऊन, सुखदुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोस. त्यासाठी वापरलेलं क्रियापद आपल्या तितिक्षेचंच आहे. पण सांगतो कुणाला? घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेला नव्हे. हातात गांडीव असलेल्या, त्या काळातल्या सर्वांत धारदार माणसाला! आणि पुढे चारच श्लोकांनी, अठराव्या श्लोकात, त्याच माणसाला तो लढायला सांगतो. आपण चौदावा श्लोक मुलींना पाठ करायला लावला आणि अठरावा मुलांसाठी राखून ठेवला. एकाच माणसासाठी सांगितलेल्या दोन गोष्टी दोघांत वाटून टाकल्या.

त्या दोन श्लोकांमधलं अंतर हीच मला तितिक्षेची व्याख्या वाटते. ऊन सोसायचं असतं, कारण उन्हावर कुणाचा इलाज नाही. म्हातारपण सोसायचं, गुडघे सोसायचे, गेलेल्या माणसाची आठवण सोसायची. पण माणसाने माणसावर केलेला अन्याय म्हणजे ऊन नव्हे. तो ऋतू असल्यासारखा सोसत बसायचं नसतं. ज्याच्याकडे धार आहे आणि ती कधी म्यान करायची हे ज्याला कळतं, त्याचं सोसणं ही तितिक्षा. धार लावायलाच मिळाली नाही त्याचं सोसणं म्हणजे नुसता नाइलाज. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्ही गप्पच असतात. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाला तितिक्षेचा मान देऊन आपण वेळ मारून नेली.

ओळखायची खूण भागवतात आहे. तिथे दक्षाच्या सोळा मुलींची कथा येते. त्यांतल्या तेरा त्याने एकाच स्थळी, धर्माला दिल्या. श्रद्धा, मैत्री, दया, शांती, मेधा अशा या तेरांत तितिक्षाही आहे. (तेरा मुली एकाच मांडवात उजवणारा बाप म्हणून दक्षाकडे पाहिलं की त्याच्या तापट स्वभावाबद्दल थोडी सहानुभूती वाटते.) बहुतेकींना एकेक अपत्य. उन्नतीला मुलगा झाला तो दर्प. वर गेलेल्या माणसाची ही घरगुती गोष्ट भागवतकारांच्या नजरेतून सुटली नाही. आणि तितिक्षेच्या पोटी आला तो क्षेम. क्षेम म्हणजे कुशल, सुखरूपपणा. आपण पत्रात 'क्षेम' लिहायचो तो. ज्या सोसण्यातून कुणाचं तरी, आणि सोसणाऱ्याचंही, क्षेम निपजतं ते सोसणं खरं. ज्यातून नुसती अॅसिडिटी निपजते ते भागवतातलं नव्हे, ते आपल्या घरातलं.

हे सगळं मी वर बसून सांगितलं, अर्थात इतकं सलग नाही. मध्ये दोनदा बाळ रडलं आणि एकदा दुपटं बदलावं लागलं. पणजींनी शेवटची वात डब्यात ठेवली आणि निकाल दिला.

"ठेवा हेच. पण तिला तिखटाचा अर्थ आधी सांगा. सोसण्याचा मागाहून कळला तरी चालेल."

बारशाला आत्याने तेच नाव कानात सांगितलं. आठवड्याभरात तिची 'तिती' झाली आणि सध्या 'टिटू' चालू आहे. अटी घालून, नक्षत्र बघून, कोश उघडून शोधलेलं कोणतंही नाव घरात दोन अक्षरांवर येतं, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे. पूर्ण नाव तिला शाळेच्या दाखल्यावर भेटेल. तोपर्यंत या नावाच्या आणखी चार मुली आजूबाजूला आल्या तरी मला वाईट वाटणार नाही. नाव दुर्मिळ राहावं असं काही नाही, गुण दुर्मिळ राहू नये एवढंच.

माझी एकच इच्छा उरली आहे. या नावाचं पुंल्लिंगी रूपही व्याकरणाला मान्य आहे: तितिक्षू, म्हणजे सोसणारा. कोशात ते कधीपासून पडून आहे, पण कुणाच्या पाळण्यावर मी ते अजून पाहिलेलं नाही. ज्या दिवशी कुणी आपल्या मुलाच्या पाळण्यावर हे नाव लिहील, त्या दिवशी बोलावणं नसलं तरी मी जाणार आहे आणि घुगऱ्या दोनदा मागून घेणार आहे. तिखट घातलेल्या.