मागच्या दाराने आलेली दाढ

पहिला दुधाचा दात हलू लागला की घरभर बातमी होते. मूल दिवसभर तो जिभेने ढकलत बसतं, आजी येता-जाता विचारते, पडला का रे? पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायचा की उंदराच्या बिळात टाकायचा, यावर चर्चा रंगते. छप्पर नसलेले बिचारे गच्ची शोधतात.

याच सुमारास, सहाव्या वर्षाच्या आगेमागे, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ हिरडीतून वर येते. तिला जागा करून द्यायला कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. वर दोन, खाली दोन अशा या चार दाढा कायमच्या. साठाव्या वर्षी भाकरी चावायची ती यांच्याच भरवशावर. घरात मात्र त्या दुधाच्याच समजल्या जातात, आणि काळा ठिपका दिसला तरी उत्तर ठरलेलं: पडणारच आहे ना ती! (दुधाच्या दाढेलाही हे उत्तर लागू नाही. तिला दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायचं असतं, आणि ठणका तिचाही तितकाच असतो.)

या दाढेचा माथा खाचाखाचांचा. तिथे ब्रशचा केस पोचत नाही, बिस्किटाचा लगदा पोचतो. दाढ पुरती वर आली की दंतवैद्य या खाचा पातळ लेपाने बुजवून देतात. त्याला सीलंट म्हणतात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, दाढ कोरावी लागत नाही. मुलाच्या दातांवर एकदाच खर्च करायची ऐपत असेल, तर मी तो इथे करीन.

बाकीचं काम रोजचं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यात एनॅमलमधली खनिजं विरघळतात, आणि लाळ ती पुन्हा भरून काढते. दिवसभर ही झीज-भर चालू असते. म्हणून जेवणात खाल्लेली जिलबी एक वेळ परवडते. शाळेतून घरी येईपर्यंत चघळलेली गोळी परवडत नाही, कारण लाळेला सवडच मिळत नाही. पेस्टमधलं फ्लोराईड या भरणीला हातभार लावतं, आणि त्याच्या मदतीने झालेली भर आम्लापुढे अधिक टिकते. त्यासाठी ते दातावर रेंगाळायला हवं. आपण तर ब्रश झाला रे झाला की खळखळून चुळा भरतो. खाल्ल्यावर चूळ भरण्याची आपली रीत उत्तमच, पण रात्रीच्या ब्रशनंतर नुसतं थुंकावं आणि झोपावं.

पेस्ट किती घ्यायची? तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वळसे घेत बसलेली पेस्ट दिसते, ती ट्यूब लवकर संपावी म्हणून. लहान मुलं पेस्ट गिळतात, आणि फ्लोराईडच्या बाबतीत सगळा प्रश्न मापाचाच आहे.

ते कळलं तेही उलट्या वाटेने. 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कारण शोधताना लक्षात आलं की हे कुरूप दात किडत मात्र कमी. डाग पाण्यातल्या फ्लोराईडमुळे पडतात हे उलगडायला 1931 साल उजाडलं, आणि 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम या मापाने ते मुद्दाम पाण्यात घातलं. तिथल्या मुलांची दातकीड निम्म्याहून खाली आली.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत निसर्गानेच हात सैल सोडला आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. तिथल्या काही बोअरचं पाणी त्याच्याही वर जातं, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर दातांवर न थांबता हाडं, सांधे धरतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असं पाणी सुधारण्याची स्वस्त पद्धत बसवली. तेलंगणातल्या जिल्ह्यावरून तिला नळगोंडा पद्धत म्हणतात.

यात काळाची एक गोम आहे. कायमच्या पहिल्या दाढेचं एनॅमल बाळाच्या जन्माच्या सुमारासच धरू लागतं, पुढच्या दातांचं त्यानंतर काही महिन्यांत. दोन-तीन वर्षांच्या वयात प्यायलेल्या पाण्याचा डाग सातव्या-आठव्या वर्षी दात उगवल्यावर दिसतो, तेव्हा पाणी बदलून तो पुसता येत नाही. म्हणून त्या भागात पाणी तपासल्याचा कागद ग्रामपंचायतीत मागायचा तो बाळ पाळण्यात असतानाच. आणि पाणी उकळून भागेल या समजुतीत राहू नये. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.