‘आता पुरे’ म्हणणाऱ्याची बाजू

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकापुढे व्हिस्कीचा ग्लास ठेवायचा, तर वेटरला राज्याच्या मद्य आयोगाचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. समोरच्याला चढली आहे हे कसं ओळखायचं, त्याला पुढचा ग्लास कसा नाकारायचा, हे तिथे शिकवतात. त्याच रेस्टॉरंटमध्ये कमरेला भरलेलं पिस्तूल लावून येणाऱ्याला मात्र 2021च्या जुलैपासून परवाना लागत नाही. वयाची अट आहे, गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी अशीही अट आहे. पण आधी ते तपासून मगच हातात कागद देणारं कुणी आता मध्ये उभं नाही. आत आल्यावर त्याने दारू प्यायची नाही, एवढा एक नियम उरतो. तो पाळला जातोय की नाही, हे पाहायला तिथे कोण असतं? तोच वेटर. आणि पिस्तूल कोटाखाली असेल, तर त्यालाही ते दिसत नाही.

दारू मिळते तिथे बंदूक न्यावी की नेऊ नये, या वादावर अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षं भरपूर बोललं गेलं आहे. एका बाजूला शस्त्र बाळगण्याचा घटनेने दिलेला हक्क, दुसऱ्या बाजूला इतर गिऱ्हाइकांना वाटणारी भीती. दोन्ही बाजू टेबलाशी बसलेल्यांच्या आहेत. टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार या वादात फारसा होत नाही. माझ्या मते कायद्याने सर्वांत आधी त्याचाच विचार करायला हवा होता.

टेनेसीत हे कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे. 2009पर्यंत मद्य मिळणाऱ्या ठिकाणी शस्त्र नेणं हा तिथे गुन्हा होता. त्या वर्षी परवानाधारकांना सूट देणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. गव्हर्नर फिल ब्रेडेसन यांनी नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने तो जूनमध्ये मोडून काढला आणि जुलैत कायदा लागू झाला. नोव्हेंबरमध्ये नॅशविलच्या न्यायालयाने तो संदिग्ध म्हणून रद्द ठरवला. कारण साधं होतं. सूट होती ती जेवण हा मुख्य धंदा असलेल्या ठिकाणांसाठी, म्हणजे रेस्टॉरंटसाठी, बारसाठी नव्हे. पण टेनेसीच्या परवाना-पद्धतीत ‘बार’ असा वेगळा वर्गच नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसाने आतला धंदा मुख्यतः जेवणाचा आहे की पिण्याचा, हे ठरवायचं कशावरून? यावर विधिमंडळाने तोड काढली ती फरकच पुसून टाकण्याची. 2010मध्ये नवं विधेयक आलं, पुन्हा नकाराधिकार, पुन्हा तो मोडला, आणि मग जेवणाची जागा काय, निव्वळ पिण्याची काय, सगळीकडे पिस्तुलाला वाट मोकळी झाली.

टेक्सासने हीच रेघ हिशेबाच्या वहीवरून ओढली आहे. जागेवर प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून 51 टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न येत असेल, तर दारात लाल अक्षरांत ‘51%’ अशी पाटी लावायची. तिथे शस्त्र नेणं गुन्हा. हे टेनेसीपेक्षा बरं, कारण निदान पाटी तरी डोळ्यांना दिसते. पण एकच जागा संध्याकाळी सात वाजता मुलाबाळांसह जेवायला आलेल्यांची असते आणि रात्री अकराला तिथे दुसरंच वातावरण असतं. वर्षाच्या हिशेबाला त्यातली अकराची वेळ वेगळी काढता येत नाही.

टेनेसीत 2009 साली समर्थकांचा मुख्य मुद्दा असा होता, की परवानाधारक म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. त्याने प्रशिक्षण घेतलेलं असतं, पोलिसांनी त्याची माहिती तपासलेली असते. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण त्याच्या जोरावर दार उघडून घेतलं आणि बारा वर्षांनी पिस्तूल बाळगायला परवाना लागण्याची अटच काढून टाकली. ज्या हमीवर सवलत मागितली ती हमी गेली, सवलत राहिली. कायदे असे टप्प्याटप्प्याने केले जातात तेव्हा दुसऱ्या टप्प्यावर पहिल्या टप्प्यातलं आश्वासन आठवून देणारं सभागृहात कुणी उरत नाही. मला यातली ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

2009च्या विधेयकाचे एक प्रमुख पुरस्कर्ते, आमदार करी टॉड, यांना 2011च्या ऑक्टोबरमध्ये नॅशविलमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल आणि नशेत भरलेलं पिस्तूल जवळ बाळगल्याबद्दल अटक झाली; पुढे त्यांनी गुन्हा कबूलही केला. शस्त्र जवळ असताना प्यायची नाही ही अट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? दारू पोटात गेली की आपल्याला चढली आहे हे कळण्याची शक्तीच आधी मंदावते. त्यामुळे ज्याचा तोल जाणार आहे त्याच्यावरच तोल राखण्याची जबाबदारी टाकणारा नियम प्रत्यक्षात फार तोकडा पडतो.

आता वेटरकडे येऊ. अमेरिकेत टिपेवर काम करणाऱ्याला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन संघराज्याच्या कायद्याप्रमाणे ताशी 2.13 डॉलर आहे. हा आकडा 1991पासून हललेला नाही. टिपा धरूनही ताशी 7.25 डॉलर भरत नसतील तर उरलेलं मालकाने भरायचं, आणि टेनेसीला स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही, म्हणून तिथे हाच हिशेब चालतो. म्हणजे घरभाडं निघतं ते टिपेतून. बिलाच्या चिठ्ठीवर टिपेची ओळ गिऱ्हाईक सर्वांत शेवटी भरतो. चौथा ग्लास नाकारायची वेळ येते तेव्हा ती ओळ कोरी असते. ‘सर, आता पुरे’ हे शब्द वेटर उच्चारतो तो स्वतःच्या कमाईवर पाणी सोडून. आणि ते त्याला उच्चारावेच लागतात, कारण उघड नशेत असलेल्याला दारू देणं कायद्याने मना आहे. बहुतेक राज्यांत अशा गिऱ्हाइकाने पुढे कुणाला गाडीखाली घेतलं तर दारू विकणाऱ्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो. एक कायदा त्याला सांगतो, नकार दे. दुसरा कायदा म्हणतो, ज्याला नकार द्यायचा त्याच्याजवळ पिस्तूल असेल तर असू दे. हे दोन कायदे करणाऱ्यांनी ते एकाच माणसाच्या अंगावर येऊन पडतात हे पाहिलं नाही.

रेस्टॉरंटच्या मालकाला ‘शस्त्र आणू नये’ अशी पाटी लावायची मुभा आहे, हे उत्तर नेहमी दिलं जातं. 2014 साली जॉर्जिया राज्यानेही हाच मार्ग धरला: मालकाने मनाई केली नाही तर बारमध्ये शस्त्र चालेल. वरवर पाहता यात मालकाच्या स्वातंत्र्याचा मान आहे. प्रत्यक्षात सरकारने आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आहे. पाटी लावली तर बंदूकवाले गिऱ्हाईक तुटतं, नाही लावली तर दुसरं. आणि मालक गल्ल्यावर बसून निर्णय घेतो, तो अमलात आणायला पुढे जातो पगारी माणूस. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न दुकानागणिक सुटत नसतो.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हे मत धरणं बरोबर नाही, आणि ती बाजू रक्ताने माखलेली आहे. 16 ऑक्टोबर 1991 रोजी टेक्सासमधल्या किलीन गावात लुबीज कॅफेटेरियाच्या काचेतून एकाने ट्रक आत घातला आणि गोळ्या घालून 23 जणांना मारलं. सुझाना ग्रॅशिया तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. तेव्हाच्या कायद्याला भिऊन त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवलं होतं. आई आणि वडील दोघेही त्या गोळीबारात गेले. टेक्सासने 1995मध्ये छुपं शस्त्र बाळगायला परवाने देण्याचा कायदा केला, त्यामागे त्यांच्या साक्षीचा मोठा वाटा होता. 2009च्या एप्रिलमध्ये नॅशविलच्या एका बारमध्ये एका स्त्रीच्या पतीला तिचा पाठलाग करणाऱ्याने तिच्यासमोर गोळ्या घातल्या. तिच्याकडे परवाना होता, पिस्तूल मात्र नियमाप्रमाणे गाडीत ठेवलेलं. कायदा पाळणारी निःशस्त्र आणि मोडणारा सशस्त्र, हा आरोप या दोन प्रसंगांत खरा आहे. ‘गोळी चालवूनही काय झालं असतं’ असं या स्त्रियांना सांगण्याचा अधिकार मला नाही.

पण किलीनचा मारेकरी ठरवून आला होता, नॅशविलचाही. अशा माणसाला दारावरची पाटी थांबवत नाही, हे मान्य करूनच बंदीचा विचार केला पाहिजे. बंदी असते ती न ठरवता आलेल्यासाठी. धक्का लागला, मॅचवरून वाजलं, बिलावरून बोलाचाली झाली, दिवे बंद करायची वेळ झाली तरी उठायला तयार नाही. दारूच्या जागी रोज रात्री असे तंटे होतात आणि बहुतेक शिव्यांवर, फार तर एखाद्या ठोशावर मिटतात. कमरेला पिस्तूल असेल तर त्यातलाच एखादा वेगळ्या रीतीने संपतो.

आपल्याकडे हे समजावून सांगायला लागू नये. 1999च्या एप्रिलअखेरीस दिल्लीत मेहरौलीच्या टॅमरिंड कोर्ट रेस्टॉरंटमध्ये मध्यरात्रीनंतर जेसिका लाल या तरुणीने एका पाहुण्याला आता दारू मिळणार नाही असं सांगितलं. एवढंच सांगितलं. त्या पाहुण्याने, मनू शर्माने, आधी छताकडे आणि मग तिच्या डोक्यात गोळी घातली. त्या जागेला मद्याचा परवाना नव्हता. मनू शर्माच्या नावावर .22च्या पिस्तुलाचा परवाना मात्र रीतसर होता. खालच्या न्यायालयातली सुटका, देशभर उसळलेला संताप, 2006च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप, हे सगळं आपल्या लक्षात राहिलं ते मंत्र्याच्या मुलाची गोष्ट म्हणून. ती दारू नाकारणाऱ्या मुलीचीही गोष्ट आहे.

कॅन्सस राज्यातल्या ओलेथचा प्रसंग माझ्या म्हणण्याला सहजी बसत नाही, म्हणूनच तो टाळता येत नाही. 22 फेब्रुवारी 2017च्या संध्याकाळी तिथल्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला आणि आलोक मदासानी हे दोन भारतीय अभियंते कामावरून सुटून बसले होते. अ‍ॅडम प्युरिंटनने त्यांना वंशावरून डिवचायला सुरुवात केली. त्याला बाहेर काढण्यात आलं. तो थोड्या वेळाने बंदूक घेऊन परत आला. श्रीनिवास गेले, आलोक जखमी झाले आणि मध्ये पडलेला इयान ग्रिलॉट हा तरुणही. कॅन्ससने दोन वर्षं आधी, 2015 साली, परवान्याची अट काढली होती. पण बारमध्ये कडक बंदी असती तरी बाहेरून परत आलेल्याला ती अडवू शकली असती असं मी म्हणणार नाही. दिसतं ते इतकंच, की बाहेर काढलं जाण्याचा राग माणसाला कुठवर नेतो. वेटरला रोज ज्याला तोंड द्यावं लागतं तो हाच राग.

मग बंदीने नेमकं काय मिळतं? एक साधी, व्यवहारातली गोष्ट. बंदी असेल तर वाकलेल्या गिऱ्हाइकाच्या कमरेशी पिस्तूल दिसताक्षणी गुन्हा घडलेला असतो. वेटर आत जाऊन पोलिसांना फोन करू शकतो, आणि पोलिसांना यायला कायदेशीर कारण असतं. बंदी नसेल तर तेच पिस्तूल, पिणं सिद्ध होईपर्यंत किंवा ते कुणावर रोखलं जाईपर्यंत, कायदेशीर असतं.

हे बंधन परकं किंवा नवं आहे असा समज खुद्द अमेरिकेतच दृढ आहे. तो बराचसा सिनेमाने पोसला. सलूनचं झुलतं दार, कमरेच्या दोन्ही बाजूंना पिस्तुलं. खऱ्या ॲरिझोनात टूमस्टोन नावाच्या खाणगावाने 1881च्या एप्रिलमध्ये गावात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी घातली होती. आलेल्याने ते तबेल्यात, हॉटेलात किंवा सलूनमध्ये जमा करायचं. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला ओके कोरलजवळ झडलेली सुप्रसिद्ध चकमक हा हुकूम अमलात आणण्यावरूनच पेटली. कॅन्ससच्या डॉज सिटीतही शस्त्रबंदीचे फलक होते. त्या गावांना दारू आणि पिस्तूल एकत्र आल्यावर काय होतं, हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ही माहिती आता न्यायालयातही कामाची ठरते आहे. 2022च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ठरवलं, की शस्त्रांवरचं बंधन टिकायचं तर त्याला देशाच्या ऐतिहासिक परंपरेत आधार हवा. त्यानंतर न्यू यॉर्क आणि हवाईच्या मद्यस्थळांतल्या बंदीला आव्हान मिळालं, आणि 2024मध्ये दोन्हीकडच्या अपील न्यायालयांनी ती बंदी उचलून धरली. इतिहासाची ही कसोटी मला अपुरी वाटते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या कायदेकर्त्यांनी खानावळीत वाढणाऱ्या पोराचा विचार केला होता की नाही, यावर आजच्या वेटरचा जीव का अवलंबून असावा? तरी त्या कसोटीवरही ही बंदी उतरते आहे, हे चांगलं झालं. त्यामुळे आज हवाईतल्या होनोलुलूत वाढणाऱ्या मुलीला कोटाखालचं पिस्तूल दिसलं, तर ती तिथल्या तिथे फोन उचलू शकते. नॅशविलमधल्या तिच्या सहकाऱ्याला आधी पाहावं लागतं, की त्या माणसाच्या ग्लासात काय आहे.