नव्या घरातली पहिली रात्र

ट्रकवाले गेले. आता दार लावून घ्या आणि खोक्यांमध्ये सापडेल तेवढ्या जागेत जमिनीवर बसा. पाठ भिंतीला टेकवा. सुरी, चार्जर, मुलांच्या चड्ड्या कुठल्या खोक्यात गेल्या, हे डोक्यात फिरत राहील. फिरू द्या.

चंडीगडशेजारच्या पंचकुलात तुम्ही पुण्याहून आला असाल, नागपूरहून आला असाल, किंवा चंडीमंदिरला पोस्टिंग झालं म्हणून भलत्याच टोकाहून. लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय तिथे आहे, तेव्हा काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव घातलेलं सामान या भागाला नवं नाही. तुम्हाला मात्र सगळंच नवं आहे. तळहात फरशीवर ठेवा. गार लागेल. किती गार, एवढंच बघा.

थकवा कशाचा आहे, ते एकदा नीट बघून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, घर बदलण्याला फक्त २०. पण घर काही एकटं बदलत नाही. मुलांची शाळा बदलली, आणखी २०. झोपेचं गणित बिघडलं, १६. खाण्यापिण्याचं बिघडलं, १५. झाले ७१, लग्नापेक्षा जास्त. आणि लग्नात निदान वाढायला माणसं असतात. तेव्हा संध्याकाळी पॅकिंग टेपचं टोक सापडेना म्हणून घरातल्यांवर खेकसला असाल, तर ते त्या टेपपुरतं नव्हतं. खांदे कानांपर्यंत चढलेत का? हळूच खाली सोडा.

आता दिवा मालवून आडवे व्हा. गादी जमिनीवरच असू दे, पलंगाचे नटबोल्ट उद्या. झोप लागणार नाही, लागली तरी कच्ची लागेल. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीकशा वेगळ्या आवाजालाही तो चटकन दाद देतो. शरीरानं अर्धा पहारेकरी जागा ठेवलाय म्हणायचं. मग झोपेशी झटापट कशाला? त्याच्याबरोबर थोडं ऐका.

गल्लीत चौकीदाराची काठी आपटते, मागोमाग शिट्टी. लांबवर काल्का लाइनवरच्या गाडीचा भोंगा. मोकळ्या प्लॉटवरून टिटवी ओरडत जाते. तुमच्याच स्वयंपाकघरात फ्रीज घरघरतो. हा आवाज मात्र ओळखीचा, तुमच्याबरोबर ट्रकमधून आलेला. प्रत्येक आवाज एकदा पूर्ण ऐका आणि जाऊ द्या. तो कसला, हे कळलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पहारेकरी आपणहून सैल पडतो.

मध्यरात्री पाणी प्यायला उठाल, तेव्हा हात भिंतीवर जाईल आणि बटण तिथे नसेल. जुन्या घरात ते जिथे होतं, तिथेच हात गेलेला असतो. वैतागू नका, क्षणभर तिथेच थांबा. इतकी वर्षं त्या घरात तुम्ही कधी विचार करून दिवा लावला नव्हता. ते सगळं हातानं जपून ठेवलंय. वाईट वाटलं तर वाटू द्या. नव्या घराला आल्या आल्या आनंदच झाला पाहिजे, हा नातेवाइकांचा हट्ट आहे, तुमचा नव्हे. मग बोटांनी भिंत चाचपत नवं बटण शोधा.

उंदरांच्या मेंदूत ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी असतात, हे मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये आढळलं. २०१४ च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता. जागेचा नकाशा असा डोक्यात भरतो, आणि तो भरायला पायांनी फिरावं लागतं. सकाळी घरातून अनवाणी एक फेरी मारा, मग गल्लीतून चपला घालून. सेक्टर आखीव आहेत, वळणं सारखीच दिसतात, पहिले काही दिवस चुकाल. अशा वेळी मान वर करून शिवालिकच्या टेकड्या शोधा. त्या दिसल्या की ईशान्य कुठे ते कळतं, आणि बाकीच्या दिशा आपोआप जागेवर येतात.

तेवढं झालं की गॅस पेटवा. दूध उतू घालायची रीत असेल तर हीच वेळ. पातेल्यापाशी उभे राहा, फोन बाजूला. कडेनं बारीक बुडबुडे येतात, साय ताणते, मधोमध फुगते, आणि सगळं एकदम वर येतं. एरवी आपण धावत जाऊन गॅस बंद करतो. आज सांडू द्यायचं. काळजीनं आवळलेल्या हाताला अशी सूट वर्षात फारशी मिळत नाही. उरलेल्या दुधाचा चहा करा आणि तो बसून प्या.

तीन दिवसांत सगळी खोकी फोडलीच पाहिजेत, हा सल्ला मला पटत नाही. आज देव मांडा, अंथरूण घाला, मुलांचं दप्तर काढा. उद्या आणखी एक खोकं. आणि ज्याच्यावर नुसतंच ‘किरकोळ’ लिहिलंय, ते माळ्यावर टाका. पुढच्या बदलीला त्याचं तरी पॅकिंग वाचेल.