सोपे कोणासाठी?

'सोपे' हा शब्द आपल्या नीतिविचारात नेहमीच थोडा संशयाच्या छायेत वावरत आला आहे. कठीण वाट ती पुण्याची आणि सोपी वाट ती आळसाची, अशी आपल्या मनाची ठेवणच झाली आहे. अभ्यासात सोपा मार्ग शोधणारा मुलगा आपल्याला उथळ वाटतो आणि स्वयंपाकघरात सोपा मार्ग शोधणारी सून अनेकांना कामचुकार वाटते. दुसऱ्या बाजूने, आजचा बाजार 'सोपे' या एकाच शब्दाचा अखंड जप करीत असतो. जे सोपे ते चांगले, असे तो आपल्याला रात्रंदिवस सांगत असतो. या दोन टोकांमध्ये सत्य नेमके कोठे आहे, हे शोधायला मोठमोठे ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाही. घरी करता येण्यासारखा एक साधा पदार्थ आपण घेऊ या: स्टेक आणि चीजचा पिझ्झा. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु एका छपराखाली कोण राबतो आणि कोण आयते खातो, हा प्रश्न कोणत्याही काळी क्षुल्लक नव्हता.

प्रथम या पदार्थाचे कुळ पाहू. पिझ्झा हे मूळचे इटलीतील नेपल्स शहराच्या गोरगरिबांचे खाणे. तेथील भट्टी इतकी प्रखर असते की पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. ही कला आज एवढी मान्यता पावली आहे की २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कौशल्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. स्टेक आणि चीज यांची जोडी मात्र इटलीची नव्हे. ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जुळली. तेथे दक्षिण भागात इटालियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी हे दोघे भाऊ त्या वस्तीत हॉट डॉगची गाडी चालवीत. १९३० साली त्यांनी तव्यावर मांसाचे पातळ काप आणि कांदा परतून लांबट पावात भरला. चीज त्यात काही वर्षांनी आले. टॅक्सी चालविणारे आणि अंगमेहनत करणारे लोक हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. पुढे पावातील तेच सारण पिझ्झ्याच्या भाकरीवर पसरले गेले. म्हणजे ज्याच्याकडे वेळ नाही, पैसा बेताचा आहे आणि पोटात भूक आहे, अशा माणसासाठी हा पदार्थ जन्माला आला. सोपेपणा ही त्याच्यात शिरलेली विकृती नसून तो त्याचा जन्मजात स्वभाव आहे.

आता तो घरी कसा होतो, ते पाहू. आदल्या रात्री ५०० ग्रॅम मैद्यात २ लहान चमचे मीठ आणि पाव लहान चमचा कोरडे यीस्ट मिसळावे. त्यात ३५० मिलिलिटर पाणी घालून चमच्याने कालवावे आणि भांडे झाकून ठेवावे. मळण्याची गरज नाही. १२ ते १८ तासांत पीठ आपोआप फुगते आणि त्याला ताण येतो. आपल्याकडील उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरतो. न मळता पाव करण्याची ही पद्धत न्यू यॉर्कचे बेकर जिम लेही यांच्यामुळे २००६ नंतर जगभर घरोघरी पोहोचली. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र आपल्या पूर्वजांनाही अपरिचित नव्हते. गोव्याचे पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवर पावाचे पीठ फुगवीत, तेव्हा तेही रात्रीलाच कामाला लावीत होते.

मांस ३०० ते ४०० ग्रॅम पुरे. परदेशात त्यासाठी गोमांस वापरतात. महाराष्ट्रात गायीबरोबरच २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे आपल्याकडे म्हशीचे अंडरकट घ्यावे लागते. ते अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले की कडक होते आणि सुरीला नीट दाद देते. मांसाचे तंतू ज्या दिशेने जातात त्यांना आडवे, शक्य तितके पातळ काप करावेत. तंतू सुरीनेच आखूड केलेले असल्यामुळे मांस चिवट लागत नाही. कडक तापलेल्या तव्यावर मीठ-मिरपूड लावून ते एक-दोन मिनिटे परतावे. कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परतावी. मग पीठ थापून त्यावर मांस व भाज्या पसराव्यात आणि वर चीज घालावे. चीजच्या खाली राहिल्याने मांस कोरडे पडत नाही. ओव्हन असेल तेवढा, साधारण २५० अंशांपर्यंत, तापवून १० ते १२ मिनिटे भाजले की झाले. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाच्या जागी अळंबी घालावी. पिझ्झा काही तक्रार करीत नाही.

या कृतीकडे जरा विचारपूर्वक पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. येथे श्रम नाहीसे झालेले नाहीत. ते केवळ हलले आहेत. मळण्याचे काम हातांकडून काढून वेळेकडे सोपविले गेले. दातांचे काम सुरीने केले. एका माणसाच्या अंगावर पडणारा भार निसर्गाने आणि युक्तीने वाटून घेतला आणि त्यात कोणाचेही नुकसान झाले नाही. सोपेपणाचा हा सर्वांत निर्मळ प्रकार होय. अशा सोपेपणाकडे नाक मुरडणे हा निव्वळ दुराग्रह आहे.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नाही, ते देणाऱ्याच्या प्रेमाची साक्ष असते. आणि ही साक्ष श्रमांतूनच पटते, असे अनेक सुज्ञ माणसे म्हणतात. पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची सर मिक्सरला नाही, आईच्या हातची चव विकत मिळत नाही, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि उच्चारलीही आहेत. त्यांत तथ्य नाही असे नाही. ज्याने आपल्यासाठी घाम गाळला त्याच्या देण्याला एक वजन असते. पण हे वाक्य बहुधा कोण उच्चारतो? पाट्यासमोर गुडघे मोडून बसणारी स्त्री ते क्वचितच उच्चारते. ते उच्चारतो तो ताटावर बसलेला माणूस. दुसऱ्याच्या श्रमाची स्तुती करणे फार स्वस्त असते. आणि त्या स्तुतीचा एक परिणाम असा होतो की जिची स्तुती झाली, ती त्या पाट्यापासून उठू शकत नाही. उठली तर तिचे प्रेम कमी झाले, असे ठरते. कौतुकाचे अशा प्रकारे साखळदंड होतात.

मग यंत्रे आली, वस्तू तयार मिळू लागल्या, म्हणजे प्रश्न सुटला का? रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात याचे उत्तर शोधले आहे. गिरणीचे पांढरे पीठ बाजारात मिळू लागले तेव्हा धान्य दळून आणण्याचे पुरुषांचे व मुलांचे काम संपले. परंतु तेच बारीक पीठ घरात आल्यावर साध्या मक्याच्या पावाच्या जागी यीस्टचा पाव आणि केक अपेक्षिले जाऊ लागले. ते करण्याचे काम कोणाचे? आईचे. चुली गेल्या, शेगड्या आल्या. लाकडे फोडणाऱ्याचे हात मोकळे झाले, रांधणारीचे झाले नाहीत. सोय आली ती घरात आली खरी, पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही.

आपल्याकडील स्थितीही फारशी निराळी नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. शिवाय अशी कामे करणारे पुरुषच मुळात थोडे आहेत. हे आकडे गॅस, मिक्सर आणि कुकर घरोघरी पोहोचल्यानंतरचे आहेत, हे विसरता कामा नये.

याच प्रकाशात आपल्या पिझ्झ्याकडे पुन्हा पाहावे. मुलांनी हट्ट धरला, पदार्थ सोपा आहे असे सर्वांचे एकमत झाले आणि शनिवारी संध्याकाळी आईने तो केला. पण आजोबांना पिझ्झा चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पेज आणि सुके मासे. आणि वडिलांना भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, म्हणून त्यांच्यासाठी भात व कालवण. असा तो सोपा पदार्थ एका स्त्रीच्या दिवसभराच्या कामावर आणखी एक काम होऊन बसला. कृती सोपी, पण जीवन अधिक कठीण झाले. येथे दोष पदार्थाचा नाही. 'सोपे आहे' हे तिला सांगितले गेले. 'सोपे आहे, म्हणून मी करतो' असे कोणी म्हटले नाही, हा खरा दोष आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? फोन करावा आणि पिझ्झा घरी मागवावा. आईलाही विश्रांती. हा मार्ग निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. थकलेल्या घराला तो आधारच असतो. परंतु तेथेही श्रम नाहीसे झालेले नसतात. ते उंबरठ्याबाहेर गेलेले असतात आणि बाहेर गेलेले श्रम आपल्याला दिसत नाहीत. अमेरिकेतील एका मोठ्या पिझ्झा कंपनीने तीस मिनिटांत पिझ्झा पोहोचविण्याची हमी दिली होती. घाईघाईने गाडी हाकणाऱ्या पोरांचे अपघात झाले, खटले उभे राहिले आणि अखेर १९९३ साली कंपनीला ती हमी तेथे मागे घ्यावी लागली. गिऱ्हाइकाची काही मिनिटांची सोय रस्त्यावर कोणाच्या तरी हाडामांसाने चुकती होत होती. मांसाच्या बाबतीतही हेच घडले आहे. अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या मांस-कारखान्यांतील कामगारांचे हाल तिने जगापुढे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा झाला. परंतु त्या कायद्याने प्रामुख्याने खाणाऱ्यांच्या ताटाचे रक्षण केले. राबणाऱ्यांचे हात त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. वाचकांना स्वतःच्या पोटाची काळजी वाटली, दुसऱ्याच्या हातांची तेवढी वाटली नाही. मनुष्यस्वभावावर यापेक्षा बोलके भाष्य क्वचितच सापडेल.

तेव्हा 'सोपे' हे आपोआप चांगले नाही आणि आपोआप वाईटही नाही. त्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: हे सोपे कोणासाठी? एखाद्याच्या खांद्यावरचे ओझे उतरले, तेव्हा ते कोठे गेले? ते रात्रभर फुगणाऱ्या पिठाने उचलले असेल, तर निसर्गाचे आभार मानावेत आणि निःशंक मनाने जेवावे. ते घरातील चार जणांनी वाटून घेतले असेल, तर ते ओझे राहतच नाही, त्याचा सहवास होतो. परंतु ते गुपचूप एखाद्या दुर्बळाच्या माथ्यावर ठेवले गेले असेल, मग ती घरातील स्त्री असो, मोलकरीण असो किंवा दाराशी डबा घेऊन उभा असलेला मुलगा असो, तर ते सोपेपण म्हणजे हिशेबातील लबाडी आहे. डबा घेऊन आलेल्या मुलाला निदान पेलाभर पाणी विचारावे आणि पाच मिनिटे उशीर झाला म्हणून त्याच्यावर आवाज चढवू नये. हेही त्या हिशेबाचेच एक कलम आहे.

घरी केलेल्या या पिझ्झ्याचे खरे मोल मला येथे जाणवते. तो मोठ्या कसबाचा पदार्थ नाही. म्हणूनच तो कोणालाही करता येतो. पारंपरिक पदार्थांच्या बाबतीत पुरुषांना एक सबब नेहमी मिळते: आम्हाला कुठे जमते ते! येथे ती सबब टिकत नाही. बारा वर्षांच्या मुलाला रात्री पीठ कालवता येते. वडिलांना मांस कापता येते. मुलीला कांदा परतता येतो आणि आजोबांनाही चीज किसता येते. स्वतः किसलेले चीज कदाचित ते चाखूनही पाहतील. ज्या पदार्थाला कोणाची परंपरागत मक्तेदारी नाही, त्यात प्रत्येकाच्या हाताला जागा आहे. सोपेपणाने आईचे श्रम हिणकस ठरत नाहीत. उलट, ज्यांनी आजवर श्रमच केले नाहीत, त्यांना श्रमाच्या दाराशी आणून उभे करण्याचे काम तो करतो. प्रेम श्रमांतून व्यक्त होते हे खरेच आहे. मग ते एकाच माणसाने का व्यक्त करावे?

शेवटी एक व्यावहारिक कसोटी सांगून हा लेख आवरतो. पिझ्झा भाजून निघाला, सर्वांनी मिळून खाल्ला, कौतुकही झाले. आता ओव्हनमधील पत्र्याच्या कडेला जळून चिकटलेले चीज उरले आहे. ते सहजासहजी निघत नाही. पत्रा अर्धा तास गरम पाण्यात भिजत घालावा लागतो आणि नंतर नेटाने घासावा लागतो. आपल्या घरातील पिझ्झा खरोखर सोपा होता की नाही, हे तो पत्रा कोण घासतो यावरून ठरवावे.