न दिसणारा मार

हात कधी उगारला नाही. पण रोजचे टोमणे, चारचौघांत अपमान, आठ-आठ दिवस अबोला, माहेरी फोन केला की उलटतपासणी. नागपुरातल्या अशा एखाद्या घरातली लेक आईजवळ बोलते, तर उत्तर येतं, ‘मारत तर नाही ना? सांभाळून घे.’

हे उत्तर क्रूर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानलं आहे.

नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन मिळतं, कायद्याचा सल्लाही मिळतो. पहिल्या भेटीला मात्र नवऱ्याला सोबत नेऊ नये. नवरा शेजारी बसलेला असताना घाबरलेली बाई खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत, विनामूल्य बोलता येतं. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१ आहे.

आणि तिची आई, बहीण, शेजारीण हे ऐकत असेल, तर सल्ला देण्याची घाई करू नका. तिचं सगळं ऐकून घ्या; ती म्हणाली, तर सोबत जा.