भुईखालचे पाणी कोणाचे?

संस्कृतात भूमीला 'क्षमा' असे एक नाव आहे. पण जी क्षमा करते तिच्याकडून किती घ्यावे, हा प्रश्न आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात कोरड्या विहिरींनीच विचारला. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी आधी यादवबाबांचे देऊळ सावरले, मग पाणलोटाचे काम धरले. पोपटराव पवारांच्या हिवरेबाजारात १९९० नंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली; शेतीसाठी बोअर पाडायचे नाही, असेही ठरले. दरसाल पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात.

कोणी म्हणेल, महाराज, माझे रान, माझा पैका. भोक पाडले तर पाप कसले? १८८२चा सुविधाधिकार कायदाही बहुतांशी त्याच्याच बाजूचा! परंतु भुईखालचे पाणी बांध ओळखत नाही. एकाने खोलवरून उपसले की शेजाऱ्याची विहीर बसते.

अमेरिकेतील आल्डो लिओपोल्ड यांच्या मरणोत्तर, १९४९ साली निघालेल्या ग्रंथात माती-पाण्यालाही समाजाचे घटक मानले आहे. आम्हांस ते मान्य. पण आमचा शेरडेवाला कोठे बसवायचा? गुंठाभर रान नाही, तरी श्रमदानाला तो आला. चराईबंदीत शेरडे त्याचीच अडली. पाणी मात्र विहीरवाल्याकडे चढले. दिंडीत टँकर आला म्हणजे सातबारा कोणी मागतो काय?

पुरंदरात विलासराव साळुंखे यांच्या पाणीपंचायतीने १९७०च्या दशकात पाणी रानावर न देता माणशी वाटले, भूमिहीनालाही हक्क दिला. पुढच्या ग्रामसभेत ताळेबंद वाचला जाईल, तेव्हा हा वाटा कोणी तरी उठून विचारावा. शेरडेवाला स्वतः उठायचा नाही.