लिंबू, चमचा आणि गूळ

प्रत्येक घराण्याला एखादा पराक्रम लागतो. कुणाचे पूर्वज पानिपतावर लढलेले असतात, कुणाचे काका बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले असतात. आमच्या घराण्याचा पराक्रम म्हणजे १९६८ साली, तिसरीत असताना, मी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पहिला आलो. बक्षिसाची स्टीलची वाटी अजून घरात आहे. तिच्यातून चटणी वाढताना आमची ही पाहुण्यांना तिचा इतिहासही वाढते.

या इतिहासात एक बारीकशी गोष्ट राहून गेली आहे. चमच्यात मी गूळ चोळला होता.

चमचा दातांत, हात पाठीमागे. मी धावलो, लिंबू हललं नाही. पी.टी.च्या सरांनी पाठ थोपटली. खरा प्रकार ओळखला तो फक्त मुंग्यांनी. पण मुंग्यांची साक्ष कोण काढतो?

पुढे कॉलेजात प्लेटोचं 'रिपब्लिक' वाचनात आलं. त्यात एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाला मारून गादी बळकावतो. कुणी बघतच नसेल, तर माणूस सज्जन कशाला राहील, असा तिथं सवाल आहे. वाचून मला जरा बरं वाटलं. त्यानं राज्य घेतलं, मी वाटीच घेतली!

परवा नातवाच्या शाळेत स्पर्धा होत्या. चिरंजीव दुसरीत आहेत. त्याचं लिंबू तीनदा पडलं. तीनही वेळा त्यानं थांबून ते उचललं, चमच्यात ठेवलं आणि शेवटचा आला. घरी येऊन म्हणतो कसा, "आजोबा, तुमचं एकदाही पडलं नाही? कसं हो?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, हे हिनं सांगितल्यावर कळलं.

मग मी त्याला दुसरीच गोष्ट सांगितली. २०१२ साली स्पेनमध्ये एका धावण्याच्या शर्यतीत केनियाचा एबेल मुताई पुढे होता. शर्यत संपली असं समजून तो अंतिम रेषेच्या थोडा अलीकडेच थांबला. मागून आलेल्या इव्हान फर्नांडेझनं त्याला ओलांडलं नाही; हातानं खुणा करून पुढे घातलं आणि स्वतः दुसरा आला.

"मग पहिलं बक्षीस?" नातवानं विचारलं.

"ज्याचं होतं त्याला."

हे बोललो मात्र, आणि मला साठाहून थोडी कमी वर्षं विसरलेला एक मुलगा आठवला. माझ्यामागून दुसरा आलेला. त्याच्या चमच्यात गूळ नव्हता. त्याला नुसत्या टाळ्या मिळाल्या, आणि त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो! अंगठीच्या गोष्टीत आपण सगळे चोरावर नजर ठेवून बसतो. तो सापडेल का, सुटेल का. ज्याचं गेलं त्याच्याकडे कुणी बघतच नाही. कुणी पाहिलं नाही म्हणून चोरी हलकी होत नाही. वाटी कुणाच्या तरी घरातून उणी झालेलीच असते.

रात्री नातवाला गुळाचं सांगून टाकलं. तो पोट धरधरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "आजोबा, वाटी त्यांना परत द्या ना."

त्या मुलाचं नावही मला आठवत नाही, हे त्याला सांगायचं धैर्य अजून झालेलं नाही. वाटी मात्र फडताळात मागे सरकवली आहे. ही रोज शोधते आहे.